काळ्या पाषाणांतील चुंबकत्व व आपल्या भूमीचा प्रवास

जमिनीस कायद्यांत स्थावर मिळकत म्हणतात, आणि आपणही तिला अचल मानतों. परंतु ज्या काळ्या पाषाणापासून आपली काळी जमीन झाली, तो पाषाणच या समजुतीविरुद्ध साक्ष देतो. ती साक्ष कशी वाचतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर शिलारसाचे थर एकावर एक पसरले. त्या रसांत लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. अतिशय तापलेल्या स्थितींत त्यांस चुंबकत्व धरतां येत नाहीं. उष्णता सुमारें ५८० अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरली, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकशक्तीची त्या वेळची दिशा त्यांत कायम होते. भट्टींतील विटेचेंही असेंच होतें. विहीर खणतांना दोन थरांमध्यें जो तांबडा पट्टा लागतो, त्याची माती वरील रसानें भाजली असल्यास तीही तीच दिशा धरते.

आतां या दिशेवरून स्थळ कसें ठरतें? मोकळी टांगलेली चुंबकसूची केवळ उत्तर दाखवीत नाहीं, तर खालींवरही कलते. विषुववृत्तावर ती आडवी राहते. उत्तर गोलार्धांत तिचें उत्तर टोंक खालीं झुकतें, दक्षिण गोलार्धांत वर उचललें जातें. ध्रुव जितका जवळ, तितका कल अधिक. हिशेबाप्रमाणें १८ अक्षांशावर कल सुमारें ३३ अंश खालीं असावा. परंतु आपल्या पाषाणांतील दिशा सुमारें ४८ अंश वर आहे. म्हणजे हा रस गोठला तेव्हां आपली भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २९ अंशांवर होती! शिवाय ती दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारें २५ अंश वळलेली असल्यानें, प्रवासांत भूमि डावीकडे फिरली हेंही दिसतें.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं दख्खनच्या पाषाणाचीं अशीं मापें १९५६ सालीं प्रसिद्ध केलीं. सह्याद्रींतील खालच्या पुष्कळ थरांत ही दिशा अगदीं उलट आढळते, कारण त्या काळीं पृथ्वीचे चुंबकध्रुव उलट होते. तरी अक्षांश तोच निघतो.

एका दगडावर मात्र विसंबतां येत नाहीं. चुंबकध्रुव थोडा इकडेतिकडे सरकत असल्यामुळें अनेक थरांची सरासरी घ्यावी लागते. माथ्यावरील खडकावर वीज पडली असल्यास जुनी दिशा पुसली जाते. पूर्वपश्चिम स्थान तर या रीतीनें कळतच नाहीं.

दक्षिणेकडील २९ पासून उत्तरेकडील १८ अक्षांशापर्यंतचें अंतर सुमारें ५,२०० किलोमीटर, म्हणजे सरासरीनें वर्षास ८ सेंटिमीटर होतें. हा वेग सदैव सारखा नव्हता. आशियाशीं टक्कर झाल्यावर तो मंदावला. त्या टकरींतूनच हिमालय उठला, आणि उत्तरेचा थंड कोरडा वारा अडवून तो आपल्या मोसमी पावसास साह्य करतो. आपल्या पिकांचा या प्रवासाशीं इतका निकट संबंध आहे.

म्हणून कोणी अभ्यासक आपल्या खाणींत वा विहिरींत बोटभर लांबीचे नमुने काढण्यास आले, तर त्यांस जागचा न हललेला खडक दाखवावा. बांधावर रचलेला दगड त्यांच्या कामाचा नाहीं. तो जागचा हलला, कीं त्याची साक्ष फुकट गेली.