पॅन्ट घालायला पोलिसांचा परवाना!

समजा, उद्या जीन्स घालून बाहेर पडायचंय. त्यासाठी आधी पोलिसांकडे अर्ज, त्यावर डॉक्टरची सही, आणि मिळालेला परवाना फक्त सहा महिन्यांचा. हसताय? रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीनं खरंच हे केलंय. तिचा १८५७ चा परवाना आजही उपलब्ध आहे. कारण काय लिहिलंय, तर ‘तब्येत’! नाटकाला, नाचाच्या कार्यक्रमाला मात्र या वेशात जायचं नाही, अशी अटही त्यात आहे.

खरं कारण होतं जनावरं. रोझाला ती रंगवायची होती, आणि ती भेटायची बाजारात, कत्तलखान्यात. तिथं सगळी पुरुषांची गर्दी. लांब झगा सावरत चिखलात उभं राहून स्केच करणार कसं? आणि टोमणे वेगळेच.

रोझाचा जन्म १८२२ मधला, बोर्दो शहरातला. लहानपणी अक्षरं काही केल्या डोक्यात शिरेनात, म्हणून आईनं एकेका अक्षरासमोर एकेक प्राणी काढायला लावला. मग जमलं! आई मात्र ती अकरा वर्षांची असतानाच गेली. पुढे शिवणकाम शिकायला घातलं, तिथंही बाई टिकल्या नाहीत. शेवटी चित्रकार वडिलांनीच हाताखाली घेतलं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेची दारं मुलींना उघडली थेट १८९७ मध्ये. तोवर रोझा पंचाहत्तरीची झाली होती.

१८४९ मध्ये तिनं ‘निव्हेर्नेमधली नांगरट’ हे चित्र मांडलं. सहा-सहा बैल जुंपलेले दोन नांगर, उलथलेली ओली ढेकळं. गंमत म्हणजे माणसं जवळजवळ बैलांच्या आडच आहेत. एक बैल तर सरळ तुमच्याकडे बघतो. ज्यांच्या घरी बैल आहेत, त्यांना ती नजर वेगळी सांगायला नको.

आणि मग ‘घोडेबाजार’. त्यासाठी पॅरिसच्या घोडेबाजारात ती आठवड्यातून दोनदा जायची, पुरुषी वेशात. किती दिवस? तब्बल दीड वर्ष! आपण एका रीलसाठी दीड तास दिला तरी दमतो राव. १८५३ च्या प्रदर्शनात चित्र लागलं आणि रोझाचं नाव झालं. साधारण आठ फूट उंच, साडेसोळा फूट रुंद कॅनव्हास, त्यावर उधळलेले, आवरता न येणारे धिप्पाड घोडे.

पैसा आला तसं तिनं फोन्तेनब्लोच्या जंगलालगत घर घेतलं. मैत्रीण नाताली मिकास सोबत होती. पुढे घरात चक्क सिंहीणही आली. १८६५ मध्ये सम्राज्ञी युजेनी स्वतः त्या घरी आली आणि तिनं ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. तो मिळवणारी ही पहिली स्त्री कलावंत.

आणि तो पॅन्टचा नियम? फ्रान्स सरकारनं तो रद्दबातल असल्याचं अधिकृतपणे सांगितलं २०१३ मध्ये!

‘घोडेबाजार’ आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यांच्या वेबसाइटवर चित्र उघडा आणि झूम करा. मधोमध, घोड्यांच्या गर्दीत एक बिनदाढीचा स्वार दिसेल. काही अभ्यासक म्हणतात, ती रोझाच आहे. बघा, तुम्हाला काय वाटतं.