तळणीचे उरलेले तेल जाते कुठे?

रमजानमध्ये असरनंतर आपल्या मोहल्ल्यांत कढया चढतात. भजी, समोसे तळून होतात आणि तळाशी काळपट तेल उरते. घरी आपण ते मोरीत ओततो, नाही तर उद्यासाठी झाकून ठेवतो. स्टॉलवरचे तेल कुणीतरी डबे भरून विकत नेतो. पुढे त्याचे काय होते, हे आम्हीही कधी विचारले नव्हते.

या तेलाला आता एक चांगली जागा आहे, ती म्हणजे रिफायनरी. डिझेलमधले गंधक काढण्यासाठी तिथे ते हायड्रोजनसोबत, मोठ्या दाबाखाली, साधारण 300 ते 400 अंश सेल्सिअसला उत्प्रेरकावरून नेतात. याच यंत्रात खनिज तेलासोबत थोडे खाद्यतेलही सोडता येते. याला को-प्रोसेसिंग, म्हणजे सह-प्रक्रिया म्हणतात. खाद्यतेलात ऑक्सिजन असतो. हायड्रोजनमुळे तो पाणी आणि कार्बनच्या वायूंच्या रूपाने निघून जातो. थोडा प्रोपेन वायू मिळतो आणि उरतो तो डिझेलसारखाच द्रव. बायोडिझेल वेगळे: ते मिथेनॉल वापरून बनते आणि त्यात ऑक्सिजन शिल्लक राहतो.

मोठा फायदा हा की नवा कारखाना उभारावा लागत नाही. पण तेलाचे प्रमाण कमीच ठेवावे लागते. हायड्रोजन जास्त लागतो, उष्णता जास्त निघते, आणि तेलातले फॉस्फरस, धातू, मीठ उत्प्रेरक खराब करतात. म्हणून तेल आधी गाळून स्वच्छ करावे लागते. विमानाच्या इंधनासाठी 2018 मध्ये अशा मिश्रणाला मान्यता मिळाली, तीही 5 टक्क्यांपर्यंतच.

आपल्या देशात इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला 2025 मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान इंधन बनवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असे पर्यायी इंधन 2027 पासून 1 टक्का, 2028 पासून 2 टक्के आणि 2030 पासून 5 टक्के मिसळण्याचे सरकारचे लक्ष्य आहे. म्हणजे उद्या उमराहला निघालेल्या विमानात कुणाच्या तरी कढईतले तेलही असू शकेल!

मग ताजेच तेल का वापरू नये? कारण भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. ताजे पामतेल इंधनाकडे वळले तर भाव वाढतो आणि त्याची झळ गरिबाच्या चुलीला बसते. वापरलेल्या तेलाचे तसे नाही, ते खाण्याच्या कामाचे राहिलेलेच नसते.

तरीही ते खाण्यात परत येते, खरा धोका इथेच आहे. दलालाने नेलेले तेल गाळून स्वस्त सुटे तेल म्हणून पुन्हा विकले जाऊ शकते. हे रोखण्यासाठी एफएसएसएआयचा नियम आहे: तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला वापरायचे नाही. असे तेल गोळा करून इंधनाकडे वळवण्यासाठी 2018 मध्ये 'रुको' योजनाही सुरू झाली.

घरात ही मोजणी होत नाही. पण तेल काळे पडले, फेसाळले, लवकर धुरकटू लागले तर ते कढईतून काढाच. गार झाल्यावर गाळून बाटलीत भरा, पाणी किंवा इंजिन ऑइल मिसळू नका. एकेका घराचे तेल थोडेच असते, म्हणून स्टॉलवाले, केटरर आणि इफ्तारची सोय करणाऱ्या कमिट्यांनी मोहल्ल्यात एक पिंप ठेवावे आणि तेल फक्त नोंदणीकृत संकलकाला, पावती घेऊनच द्यावे. इस्राफ टाळायचा तर ताटातल्या अन्नाइतकाच कढईतल्या तेलाचाही हिशेब ठेवायला हवा.