आकाशातली शीव

मुंबई आणि हैदराबाद या विमानतळांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती तुळजापूरच्या अगदी जवळून जाते. प्रत्यक्षातले हवाई मार्ग इतके सरळ नसतात, तरी या वाहतुकीचा धाराशिव जिल्ह्याशी असलेला संबंध त्या रेघेवरून कळतो. परंड्याकडून शिरलेल्या विमानाला उमरगा ओलांडायला नऊ-दहा मिनिटे पुरतात. प्रवाशाच्या दृष्टीने ही प्रवासातली सर्वांत निवांत मिनिटे असतात. पण जिल्ह्याच्या पूर्वेला भारतीय आकाशातली एक मोठी शीव आहे. सोलापूर, लातूर आणि नांदेड या विमानतळांची आंतरराष्ट्रीय संकेताक्षरे ‘व्हीए’ने सुरू होतात, कारण ते मुंबईच्या उड्डाण-माहिती विभागात येतात. शेजारच्या बिदर, कलबुर्गी आणि हैदराबादची सुरुवात ‘व्हीओ’ने होते, कारण ते चेन्नईच्या विभागात येतात. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातली सीमा कधी काळी याच मुलखात नळदुर्ग-परंड्याच्या आसपास सरकत असे. आजची आकाशातली सीमा मात्र पक्की आखलेली आहे, आणि तिच्यावर रोज जे घडते ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विमानवाहतुकीची सुरक्षितता रडारच्या ताकदीवर किंवा एकेका कंट्रोलरच्या हुशारीवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती या शिवेवरच्या देवघेवीवर उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे सुमारे 28 लाख चौरस सागरी मैलांचे आकाश आहे आणि त्यातला निम्म्याहून मोठा भाग समुद्रावर पसरलेला आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई हे चार मोठे विभाग, जोडीला गुवाहाटीचा उपविभाग, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात अनेक सेक्टर, अशी त्याची वाटणी आहे. सेक्टर पाडावे लागतात कारण एका माणसाच्या डोक्यात एका वेळी ठरावीक विमानेच राहू शकतात. गर्दी वाढली की सेक्टर लहान करावा लागतो, सेक्टर लहान झाला की शिवा वाढतात, आणि प्रत्येक शिवेवर विमान एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते. हे हस्तांतर कसे व्हायचे ते दोन केंद्रांमधल्या लेखी करारात ठरलेले असते. विमान कोणत्या बिंदूवर, कोणत्या उंचीवर आणि किती वाजता पोहोचेल, हे आधीच पुढच्या केंद्राला कळवायचे, त्याने ते स्वीकारायचे, आणि मग पायलटला नवी फ्रिक्वेन्सी द्यायची. यातला एक बारकावा मोलाचा आहे. संभाषण नव्या कंट्रोलरकडे थोडे आधी जाते, पण ताबा शिवेवरच बदलतो. मधल्या काळात नवा कंट्रोलर पायलटशी बोलू शकतो, मात्र आधीच्याच्या संमतीशिवाय त्याला विमान वळवता येत नाही, चढवता येत नाही, उतरवताही येत नाही. हैदराबादला जाणारे विमान साधारण दोनशे किलोमीटर आधी उंची सोडू लागते, म्हणजे नेमके या शिवेच्या टापूत. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम उंची, आणि दोन उंचींमध्ये हजार फूट, हा साधा नियम मधल्या प्रवासात पुरतो. खाली येणारे विमान मात्र समोरून येणाऱ्यांच्या उंची एकामागून एक ओलांडत येते. म्हणून ती संमती म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. कोणत्याही क्षणी एका विमानाचा जबाबदार माणूस एकच असावा, या तत्त्वाचे ते प्रत्यक्ष रूप आहे.

हे तत्त्व सुटले की काय होते, याची नोंद 10 सप्टेंबर 1976 रोजी झाग्रेबच्या आकाशात झाली. तिथे सेक्टर उंचीनुसार पाडलेले होते. एक डीसी-9 मधल्या सेक्टरमधून वर चढत वरच्या सेक्टरमध्ये शिरत होते आणि त्या उंचीवर ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडंट सरळ चालले होते. वरच्या सेक्टरवर त्या वेळी एकच माणूस होता, आणि हस्तांतराचा समन्वय नियमाप्रमाणे न होता घाईत, अर्धवट उरकला गेला. डीसी-9 वरच्या फ्रिक्वेन्सीवर आले तेव्हा हातात काही सेकंदच उरले होते. टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले 176 जण मेले. न्यायालयाने त्या एका कंट्रोलरला तुरुंगात पाठवले, आणि पुढे सहकाऱ्यांच्या आग्रही मागणीनंतर त्याची लवकर सुटका झाली. 1 जुलै 2002च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर पुन्हा तेच घडले. जर्मनीच्या आकाशाचा तो तुकडा झुरिचच्या ताब्यात होता. झुरिचला एकटा कंट्रोलर दोन टेबले सांभाळत होता आणि मुख्य टेलिफोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या केंद्राला दोन विमाने एकमेकांवर येताना पडद्यावर दिसत होती. ते फोन लावत राहिले आणि फोन लागला नाही. 71 जण गेले, त्यात कितीतरी शाळकरी मुले होती. धोका ओळखणारी नजर हजर होती, पण शिवेपलीकडे निरोप पोचवण्याची वाट बंद होती. 2007 साली स्विस न्यायालयाने या प्रकरणात चार व्यवस्थापकांना दोषी ठरवले. झाग्रेबपासून झुरिचपर्यंतच्या एकतीस वर्षांत कायद्याची नजर खुर्चीवरच्या माणसाकडून ती खुर्ची एकटी ठेवणाऱ्यांकडे गेली, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते.

यावर कुणी म्हणेल की हे जुने झाले. आता विमानातच टक्कर टाळणारे यंत्र असते आणि केंद्रांचे संगणक आपसांत बोलतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण युबरलिंगेनच्या दोन्ही विमानांत ते यंत्र होते. एका विमानाला यंत्र वर जायला सांगत होते आणि कंट्रोलर खाली. त्या विमानाने कंट्रोलरचे ऐकले, दुसऱ्याने यंत्राचे, आणि दोन्ही खाली आली. अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे, हे त्यानंतर जगभर निःसंदिग्ध करण्यात आले. म्हणजे यंत्र आले तरी माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये एक नवी शीव उभी राहिली आणि तिथेही कुणाचा शब्द अखेरचा हे ठरवावेच लागले. संगणकांच्या देवाणघेवाणीने चुकीचे ऐकणे आणि चुकीचे लिहिणे कमी होते, आणि हा फायदा फार मोठा आहे. तरीही ठरल्याबाहेरची विनंती, म्हणजे ढग टाळण्यासाठी मार्ग सोडणे किंवा अचानक उंची मागणे, आली की दोन माणसांना बोलावेच लागते. मराठवाड्यात मे-जूनमध्ये ढग गडगडत उभे राहतात तेव्हा अशा विनंत्या एकामागून एक येत असणार.

धाराशिवच्या आजूबाजूला आणखी एक शीव आहे, नागरी आणि लष्करी आकाशातली. पूर्वेला बिदर हा हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे. पश्चिमेला पुण्याच्या लोहगावचे नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. मे 2020 मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की देशाच्या आकाशापैकी साठ टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने मिळते, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे हजार कोटी रुपयांचा लाभ होईल. लष्कराला सरावासाठी जागा लागतेच, याबद्दल वाद नाही. पण सराव नसतानाही ती जागा बंद राहिली तर नागरी विमाने उरलेल्या वाटेत दाटतात. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दोन विमानांच्या टकरीत 349 जण मेले. त्यातले कझाक विमान ठरवून दिलेली उंची सोडून खाली आले, हे त्याचे थेट कारण होते. पण दिल्लीला येणाऱ्या आणि तिथून जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच वाट होती, आणि बाकीचे बरेच आकाश हवाई दलासाठी राखलेले होते. म्हणून गरजेपुरती जागा घेऊन काम झाले की सोडण्याची जी पद्धत आता रुजते आहे, तिच्याकडे इंधनबचतीच्या आधी सुरक्षिततेच्या अंगाने पाहिले पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप महाराष्ट्रातूनच उभा राहिला आहे. शिवा इतक्या धोक्याच्या असतील तर त्या पुसून का टाकू नयेत? 2024 मध्ये प्राधिकरणाने ‘ईशान’ या नावाने चारही विभाग आणि गुवाहाटीचा उपविभाग एकत्र करून सारे आकाश नागपुरातून सांभाळण्याच्या कल्पनेवर सविस्तर प्रकल्प अहवालासाठी प्रस्ताव मागवले. कल्पनेत तथ्य आहे. सगळीकडे एकच प्रणाली, एकच नियम आणि एकच चित्र असले तर उमरग्याच्या पलीकडे विमान देताना दोन प्रणाली जुळवण्याचा खटाटोप उरणार नाही. मात्र एका छताखाली आणल्याने सेक्टर नाहीसे होत नाहीत, कारण माणसाच्या डोक्याची मर्यादा छत बदलल्याने बदलत नाही. शहरांमधली शीव जाऊन टेबलांमधली राहील, आणि झाग्रेबचे दोन्ही सेक्टर एकाच केंद्रात होते हे विसरून चालणार नाही. दुसरे असे की एकच केंद्र पडले तर शेजारी कोण? सप्टेंबर 2014 मध्ये शिकागोजवळच्या ऑरोरा केंद्रात आग लावली गेली तेव्हा शेजारच्या केंद्रांनी ते आकाश आपसांत वाटून घेतले; शेजारी होते म्हणूनच ते जमले. ऑगस्ट 2023 मध्ये ब्रिटनच्या प्रणालीला एका उड्डाण-आराखड्यात एकाच नावाचे दोन बिंदू मिळाले, आणि मुख्य संगणकामागोमाग राखीव संगणकही बंद पडला, कारण दोघांची विचार करण्याची रीत एकच होती. सात लाखांहून अधिक प्रवाशांना त्याची झळ पोचली.

नागपूरला माझा विरोध नाही. पण त्या अहवालात इमारतीच्या आराखड्याआधी काही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. सारे आकाश पेलू शकणारे दुसरे केंद्र कोणत्या शहरात असेल आणि त्याची प्रणाली पहिल्यापेक्षा किती वेगळी असेल. कोणत्याही सेक्टरवर, मध्यरात्रीसुद्धा, एकटा माणूस बसणार नाही याची तरतूद आणि त्यासाठी लागणारी भरती कशी होईल. मुख्य फोन बंद असताना पर्यायी फोन लागतो की नाही, हे दर किती दिवसांनी तपासले जाईल. आणि बिदरचा सराव संपल्यापासून किती मिनिटांत ती जागा नागरी कंट्रोलरच्या हाती येईल.