सास्तूरच्या पूर्वजांचा माग : कागद कोठे तुटतो, कोठे जुळतो

एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातील कुटुंबाला त्याची सभा स्थलांतराचा दाखला देत असे आणि नवी सभा त्याची नोंद घेत असे, म्हणून अमेरिकेतील वसाहतकाळातल्या अशा कुळाचा प्रवास निदान दोन टोकांनी तपासता येतो. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारख्या, निजामी मुलखातील गावाला ही सोय नव्हती. हा प्रदेश 1853 च्या तहाने इंग्रजांकडे गेला, 1860 मध्ये निजामाकडे परतला, आणि जिल्ह्याचे ठाणे 1904 मध्ये नळदुर्गाहून धाराशिवला आले, त्यामुळे जुना कागद ‘नळदुर्ग’ या नावाखाली शोधावा लागतो. महसुली दप्तर बरेचसे उर्दूत असून त्यावर फसली सन, म्हणजे शेतसाऱ्यासाठी वापरली जाणारी कालगणना, असतो; त्यात 590 मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. मात्र सातबारा किंवा खासरा पत्रक (मराठवाड्यातील शेतनिहाय धारकांची नोंद) जमीन कोणाच्या नावे होती एवढेच सांगते, तो माणूस कोठून आला हे क्वचितच. भूमिहीन कुटुंब तर त्यात सापडतच नाही. अशा वेळी त्र्यंबकेश्वर किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यजमानाचे मूळ गाव आणि वंश लिहिला जातो, आणि बैलावरून फिरणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी अधिक उपयोगी पडतात, जरी स्तुतीचा भाग त्यांतून वेगळा काढावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात घरोघरच्या पेट्यांतील कागद ढिगाऱ्याखाली गेले, आणि पुनर्वसनात घरांची जुनी शेजारव्यवस्थाही, जी भावकी ओळखण्याची खूण होती, मोडली.