वेरूळच्या मूर्तींसमोर पोर्ट्रेट लेन्सची परीक्षा

८५ मिलिमीटर नाभीय अंतर आणि एफ/१.४ अ‍ॅपर्चर असलेली प्राइम लेन्स मुख्यतः माणसांचे चेहरे टिपण्यासाठी घडवलेली असते. नाभीय अंतराला एफ-क्रमांकाने भागले की प्रकाश आत शिरण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ८५ भागिले १.४ म्हणजे जवळपास ६१ मिलिमीटर. एफ/१.८ च्या लेन्समध्ये हाच व्यास ४७ मिलिमीटर असतो, एफ/१.२ मध्ये ७१. एफ/८ वर बहुतेक सगळ्याच लेन्स चांगले काम करतात, त्यामुळे तिथे केलेल्या तुलनेतून फारसे काही हाती लागत नाही. ज्या अ‍ॅपर्चरसाठी जादा पैसे मोजायचे, त्याच अ‍ॅपर्चरवर लेन्स चेहऱ्याचे काय करते हे पाहावे लागते. ते पाहायला वेरूळच्या लेण्यांइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

डोंगराच्या पश्चिमेकडच्या कड्यात सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत: १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन. त्यांतल्या शेकडो मूर्ती हलत नाहीत, पापणी लववत नाहीत, कंटाळत नाहीत. एकाच चेहऱ्याची एकाच अंतरावरून एफ/१.४, २, २.८ आणि ४ अशी चित्रे घेतली, तर त्यांच्यातला फरक लेन्सचाच असतो. काळ्या बेसॉल्टवरचे छिन्नीचे बारीक घाव हे बारकाव्यांच्या परीक्षेसाठी छापील तक्त्याइतकेच उपयोगी पडतात. त्यात उजेडही बेताचाच. आतल्या एखाद्या गाभाऱ्यात आयएसओ १६०० आणि एफ/१.४ वर शटर १/६० सेकंदाचे येत असेल, तर एफ/४ वर तेच १/८ सेकंदावर जाते. तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून बहुतेकांना कॅमेरा हातातच धरावा लागतो. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय १/८ सेकंदही निभावून नेते, पण ती मूर्तीपुरतीच. शेजारी उभे राहिलेले माणूस १/८ सेकंदात हलतेच.

ही अडचण जुनीच आहे. जोसेफ पेट्झव्हालने १८४० मध्ये चेहऱ्यांसाठी एफ/३.६ च्या आसपासची लेन्स गणिताने रचली आणि फोग्टलेंडर कंपनीने ती बनवली. तोवर छायाचित्रासाठी माणसाला मिनिटे मोजत निश्चल बसावे लागे. पेट्झव्हालच्या रचनेने ती वेळ खूपच खाली आणली आणि पोर्ट्रेट स्टुडिओचा धंदा उभा राहू शकला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलने लेण्यांची छायाचित्रेही घेतली. त्याची ७४ छायाचित्रे असलेला, जेम्स फर्ग्युसनच्या मजकुराचा ग्रंथ १८६४ मध्ये निघाला. पेट्झव्हालच्या लेन्समध्ये मध्यभाग लख्ख आणि कडा भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसत. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सचे दुखणे आजही तेच आहे, फक्त ते पुष्कळ आटोक्यात आले आहे.

मोठ्या अ‍ॅपर्चरचे आणखी एक दुखणे म्हणजे गोलीय विपथन. गोलाकार पृष्ठभागाच्या भिंगात कडेने शिरलेले किरण मध्यातून गेलेल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात, त्यामुळे बिंदूऐवजी धूसर ठिपका उमटतो. त्या ठिपक्याचा आकार अ‍ॅपर्चरच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एफ/१.८ वरून एफ/१.४ वर जाताना व्यास वाढतो २९ टक्क्यांच्या आसपास, पण दुरुस्ती न केलेला ठिपका दुपटीहून मोठा होतो. प्रकाशाची वाढ मात्र दीडपटीपेक्षा थोडीच जास्त. एवढ्याशा लाभासाठी जादा भिंगे, अगोलीय पृष्ठभाग आणि खास काच का लागते, किंमत आणि वजन का चढते, हे या गणितातून कळते. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे लेन्सची बैठक सेन्सरच्या बरीच जवळ आली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, झेड माउंटमध्ये ते १६ आहे. सोनीच्या ई माउंटमध्ये १८ आणि कॅननच्या आरएफमध्ये २०. मागच्या बाजूला मोठी भिंगे बसवायला रचनाकारांना त्यामुळे मोकळीक मिळाली. आजच्या लेन्स वाइड ओपनलाच इतक्या शार्प निघतात त्याला हेही एक कारण आहे.

तीन ताल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाराव्या लेण्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, मागच्या भिंतीला अंतराळाच्या दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसले आहेत. लेन्सच्या कडा तपासायला ही ओळ उत्तम. एका बुद्धाचा चेहरा आधी चौकटीच्या मधोमध घ्यायचा, मग तोच चेहरा उजव्या टोकाला, मग डाव्या टोकाला, मग चारही कोपऱ्यांत. कॅमेरा भिंतीला समांतर राहिला पाहिजे आणि दर वेळी फोकस नव्याने केला पाहिजे. एकदा फोकस करून नुसता कॅमेरा वळवला, तर स्पष्टतेची पातळी चेहऱ्यामागे सरकते आणि दोष लेन्सच्या माथी येतो. नंतर ही चित्रे पडद्यावर शंभर टक्के मोठी करून मिटलेल्या पापणीची कड, ओठांची रेघ आणि केसांची वळी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. कोपऱ्यांत चारही बाजूंना सारखाच मऊपणा असेल, तर तो रचनेचा गुण आहे आणि पोर्ट्रेटसाठी तो चालून जातो. डावीकडे पापणी स्वच्छ आणि उजवीकडे पुसट असेल, तर आतले एखादे भिंग मध्यापासून ढळले आहे. अशी लेन्स परत करावी, मग तिचे नाव कितीही मोठे असो.

शार्पनेसइतकीच महत्त्वाची आहे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे स्पष्ट दिसणारी खोली. फुल फ्रेम सेन्सरवर ८५ मिमी आणि एफ/१.४ ला दोन मीटरवर ती जेमतेम साडेचार सेंटिमीटर असते. सव्वा मीटरवर ती दीड-पावणेदोन सेंटिमीटरवर येते. नऊवारीतल्या, नथ घातलेल्या बाईचे इतक्या जवळून चित्र घेतले आणि फोकस डोळ्याच्या बुबुळावर धरला, तर नथ त्याच्या दोनेक सेंटिमीटर पुढे असते, म्हणजे स्पष्टतेच्या बाहेर. कानातले झुबे तर पूर्णच विरघळतात. काहींना हेच हवे असते. पण लग्नाच्या चित्रात नथ आणि डोळे दोन्ही दिसायला हवेत, तर एफ/२.८ किंवा एफ/४ वर जावे लागते आणि मग एफ/१.४ साठी मोजलेल्या पैशांचा उपयोग उरत नाही. भव्य मूर्तीपुढे हिशेब वेगळा. पाच मीटरवरून एफ/१.४ लाही पाऊण फुटाहून अधिक खोली मिळते आणि मूर्तीचा अख्खा चेहरा स्पष्ट येतो.

चेहऱ्यामागच्या धूसरपणाची जात, म्हणजे बोके, हा पोर्ट्रेट लेन्सचा खरा स्वभाव. गोलीय विपथन किंचित बाकी ठेवले, तर मागचे प्रकाशाचे ठिपके कडेला मऊ होत जातात. ते गरजेपेक्षा जास्त दुरुस्त केले, तर ठिपक्याला उजळ कड येते आणि मागची प्रत्येक फांदी दुहेरी दिसू लागते. रचनाकाराला शार्पनेस आणि मऊपणा यांत कुठेतरी तडजोड करावीच लागते. एकविसाव्या, रामेश्वर लेण्याच्या ओसरीशी असलेली मकरावरची गंगा चौकटीत घेतली, की मागे नक्षीचे खांब आणि दुपारनंतर पश्चिमेकडून येणारा उजेड असे दोन्ही मिळतात. खांबांच्या उभ्या कडा पार्श्वभूमीत गुळगुळीत विरतात की दुहेरी होतात, ते तिथे लगेच दिसते. प्रकाशाचे ठिपके तपासायला संध्याकाळी घृष्णेश्वराच्या वाटेवरच्या दुकानांतले दिवे पुरतात. मध्यभागी गोल असलेला ठिपका कडेला मांजराच्या डोळ्यासारखा चपटा होतो, कारण तिरप्या किरणांचा काही भाग लेन्सची नळीच अडवते. एफ/२ वर तो बराच गोल होतो. ठिपक्याच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे दिसली, तर ती साच्यातून काढलेल्या अगोलीय भिंगाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खुणांची असतात. ती नंतर पुसता येत नाहीत.

वर्ण विपथनासाठी पुन्हा नथ उपयोगी पडते. वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येतात, त्यामुळे फोकसच्या पुढच्या चमकत्या मोत्याला जांभळट आणि मागच्या चमकत्या जरीला हिरवट कड येते. चौकटीच्या कडेला दिसणारी रंगीत किनार सॉफ्टवेअर सहज काढते. ही पुढची-मागची रंगछटा काढणे मात्र अवघड, आणि पैठणीच्या पदरावर ती सर्वांत आधी डोळ्यात भरते. कैलास लेण्याच्या शिखराची काळी कड मागच्या उजळ आकाशावर घेऊन पाहिली, तरी हा दोष उघडा पडतो.

दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे आणि वर लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या. स्तूपाजवळून दाराकडे तोंड करून एखाद्याचे पोर्ट्रेट घेतले, तर दर्शनी भागातल्या खिडकीचा झोत थेट लेन्सवर येतो. भिंगांवरचे लेप कमी प्रतीचे असतील, तर चेहऱ्यावर धुरकट पडदा चढतो आणि काळा दगड राखाडी होतो. चांगल्या लेन्समध्ये दगड काळाच राहतो. इथे मीटरचे भान ठेवावे लागते. गडद दगडाने चौकट भरली की कॅमेरा ती उजळायला जातो, म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी करावे. नाही तर लेन्सचा कॉन्ट्रास्ट कमी असल्याचा भास होतो.

ऑटोफोकसची परीक्षा माणसावरच घ्यावी. डोळा ओळखणारी प्रणाली जिवंत चेहऱ्यांसाठी शिकवलेली असते. दगडी चेहरा ती कधी ओळखते, कधी नाही. कॅमेऱ्याकडे चालत येणाऱ्या माणसाची सलग चित्रे घेऊन त्यांतली किती डोळ्यावर स्पष्ट आली ते मोजले, की मोटरची ताकद कळते. एफ/१.२ च्या लेन्समध्ये हलवावी लागणारी काच जड असते, म्हणून तिथे हा आकडा विशेष पाहावा. कंपन्यांचे एमटीएफ आलेख, म्हणजे लेन्सची स्पष्टता दाखवणारे आलेख, वाचतानाही सावध राहावे. त्यांतले बरेच संगणकाने काढलेले असतात, प्रत्यक्ष लेन्सवर मोजलेले नसतात. शिवाय कोपऱ्यांतला अंधार आणि सरळ रेषांचा बाक हल्ली कॅमेराच दुरुस्त करतो. लेन्स मुळात कशी आहे हे पाहायचे असेल, तर रॉ फाइल दुरुस्ती बंद करून उघडावी.

वजनातली तफावत मोठी आहे. सोनीची २०१६ ची ८५ मिमी एफ/१.४ जीएम ८२० ग्रॅमची होती, २०२४ ची दुसरी आवृत्ती ६४२ ग्रॅमची आहे. सिग्माची २०२० ची एफ/१.४ सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. कॅननची आरएफ एफ/१.२ आणि निकॉनची झेड एफ/१.२ या दोन्ही एक किलोच्या वर. निकॉनची झेड एफ/१.८ मात्र ४७० ग्रॅममध्ये बसते आणि दिवसा, उघड्यावर काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये तिच्यातला आणि महागड्या लेन्समधला फरक सामान्य डोळ्याला शोधावा लागतो. क्रॉप सेन्सरवर ५६ मिमी एफ/१.२ लेन्स चौकट आणि डेप्थ ऑफ फील्ड या दोन्हींत फुल फ्रेमच्या ८५ मिमी एफ/१.८ सारखी वागते. लग्नसमारंभात रात्रीच्या मांडवात काम करणाऱ्याला एफ/१.४ चा उपयोग रोज होतो. वर्षातून दोनदा सहलीला निघणाऱ्याला एफ/१.८ पुरते. निवड कोणतीही असो, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे सात बुद्धांच्या ओळीसमोरची ती चार कोपऱ्यांची तपासणी परतीची मुदत संपण्याआधी, विकत घेतलेल्या त्याच लेन्सवर करावी.