विरारची वेस आणि हॅस्केलचे कंपायलर

चर्चगेट ते विरार या मार्गावर दीर्घकाळ १५०० व्होल्टचा डीसी, म्हणजे दिष्ट विद्युतप्रवाह वापरला जात असे, तर विरारच्या उत्तरेस २५ किलोव्होल्टचा एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह होता; त्यामुळे केवळ डीसीवर चालणारी लोकल, रूळ सलग असूनही, विरारची वेस ओलांडून पालघर, उमरोळी, बोईसरकडे येऊ शकत नसे, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने बांधावी लागली. पश्चिम रेल्वेवरील हे रूपांतर फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाले आणि एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली. रूळ जुळले तरी प्रवाह जुळलाच पाहिजे, ही गोष्ट उमरोळीच्या प्रवाशाला निराळी समजावून सांगावी लागत नाही, आणि हॅस्केल या संगणकभाषेत काम करणाऱ्याला सर्वांत आधी भेडसावणारी अडचण नेमकी याच जातीची आहे.

तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव लाभलेल्या या भाषेची आखणी १९८७ मध्ये नेमलेल्या समितीने केली आणि तिचा पहिला अहवाल १९९० मध्ये निघाला. ती विद्यापीठांपुरती राहिलेली नाही. बंगळुरूत सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ या रिक्षासेवेच्या सर्व्हरवरील प्रणाली याच भाषेत लिहिलेली आहे. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रणालीला कंपायलर किंवा संकलक म्हणतात, आणि हॅस्केलचा प्रमुख कंपायलर ग्लासगो विद्यापीठात जन्मलेला जीएचसी हा आहे.

जीएचसीच्या एका आवृत्तीने संकलित केलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञांचा संच, दुसऱ्या आवृत्तीला वापरता येत नाही, कारण संकलित फायलींची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते. आवृत्ती बदलली की साऱ्या लायब्रऱ्या नव्याने संकलित कराव्या लागतात. त्यातच मूळ लिखाणही जुने पडते. २०१५ च्या ७.१० या आवृत्तीने ‘मोनॅड’ या पायाभूत रचनेसाठी ‘ॲप्लिकेटिव्ह’ ही दुसरी रचना अनिवार्य केली, तेव्हा पूर्वीचे कित्येक प्रकल्प दुरुस्त करावे लागले. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे: ९.४ सोबत येणारी ‘एमटीएल’ ही लायब्ररी ‘व्हेन’सारख्या काही आज्ञा आपल्यासोबत आपोआप उपलब्ध करून देत असे, पण ९.६ सोबतच्या तिच्या आवृत्तीने ती सोय काढून टाकली, आणि त्यामुळे काल व्यवस्थित चालणारा कार्यक्रम, त्यातले एक अक्षरही न बदलता, आज अडून बसतो. नवशिक्याला ही आपलीच चूक वाटते, आणि हे विशेष खेदाचे आहे.

२०१५ मध्ये आलेल्या ‘स्टॅक’ या बांधणी-साधनाने या प्रश्नाचे उत्तर कंपायलरची मालकी बदलून दिले: कंपायलर संगणकाचा नसून प्रकल्पाचा आहे, असे ते मानते. प्रकल्पाच्या फोल्डरमधील ‘स्टॅक डॉट यामल’ या छोट्या फाइलमध्ये एका ‘स्नॅपशॉट’चे नाव लिहिलेले असते, स्नॅपशॉट म्हणजे एकमेकांशी जुळतात अशी खात्री करून घेतलेल्या लायब्रऱ्यांची आणि त्यांना साजेशा कंपायलरची गोठवलेली यादी. ‘एलटीएस २१’ या स्नॅपशॉटांच्या मालिकेत जीएचसी ९.४ येतो, तर ‘एलटीएस २२’ मध्ये ९.६. ‘स्टॅक बिल्ड’ ही आज्ञा दिली की साधन ती यादी वाचते, लागणारा कंपायलर नसल्यास उतरवून घेते आणि वापरकर्त्याच्या स्वतंत्र फोल्डरात ठेवते, त्यामुळे दोन प्रकल्पांचे दोन कंपायलर एकाच यंत्रावर भांडणाविना नांदतात. ही फाइल प्रकल्पासोबत पाठवली की बोईसरच्या सहकाऱ्याच्या यंत्रावरही तोच कंपायलर येतो. ज्यांना आवृत्ती स्वतः निवडायची असते, ते ‘जीएचसीअप’ हे वेगळे साधन वापरतात, आणि स्टॅकला त्याच्याशी जोडून देण्याची सोयही आहे.

मात्र स्टॅकने आणलेला कंपायलर सर्वसाधारण आज्ञामार्गावर ठेवला जात नाही, म्हणून नुसते ‘जीएचसी’ असे टंकले तर तो सापडत नाही. ‘स्टॅक एक्झेक’सारख्या स्टॅकच्याच आज्ञेमार्फत त्याला बोलवावे लागते. शिवाय कोणत्याही प्रकल्पाच्या बाहेर उभे राहून आज्ञा दिली, तर स्टॅक आपल्या सामायिक प्रकल्पाची यादी पाहते, जिच्यात वेगळीच आवृत्ती असू शकते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांनी एनपीटीईएलवर शिकवलेला हॅस्केलचा अभ्यासक्रम घरबसल्या पाहणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच पहिल्याच दिवशी प्रकल्पाचे फोल्डर करून स्नॅपशॉट निश्चित करावा, हे बरे.

एकेक कंपायलर उतरवण्यास शेकडो मेगाबाइट लागतात आणि उलगडल्यावर तो याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. मोबाइलच्या डेटावर आणि लहान डिस्कवर काम करणाऱ्याला हा भार जाणवतो. नको असलेल्या आवृत्त्या स्टॅक स्वतःहून काढत नाही. त्यांचे फोल्डर आणि जुन्या स्नॅपशॉटच्या संकलित लायब्रऱ्या हाताने पुसाव्या लागतात, पण त्याआधी कोणता प्रकल्प कोणत्या आवृत्तीवर उभा आहे, हे त्या छोट्या फाइलींत पाहून घ्यावे.