हवेतल्या प्राणवायूला कामाला लावणारा धातू

माडी उघडी राहिली की आंबट होत जाते आणि शेवटी तिचा शिरका बनतो, हे कोकणात आणि गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. माडीतल्या मद्यार्काला हवेतला प्राणवायू मिळतो आणि त्याचे अम्ल होते. पण हवा एकटी हे काम करीत नाही बरं का! त्यासाठी सूक्ष्म जंतू लागतात. शुद्ध मद्यार्क नुसता उघडा ठेवला, तर तो उडून जाईल. आंबट होणार नाही. प्राणवायू सगळीकडे आहे, फुकट आहे, पण त्याला कामाला लावणारा मध्यस्थ हवा. आज अशाच एका मध्यस्थाची, म्हणजे पॅलेडियम धातूची ओळख करून घेऊ.

पॅलेडियम हा चांदीसारखा पांढरा, मौल्यवान धातू. इंग्रज शास्त्रज्ञ वुलस्टन याने १८०२ साली तो प्लॅटिनमच्या खनिजातून वेगळा काढला. त्याच वर्षी सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्याचे नाव पडले.

आता मद्यार्क म्हणजे केवळ दारूतला एकच पदार्थ नव्हे. ते एक मोठे कुटुंब आहे. सुई टोचण्यापूर्वी कातडी पुसायला वापरतात तो आयसोप्रोपिल मद्यार्क त्यातलाच. या मद्यार्काच्या रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतले, की अल्डिहाइड किंवा कीटोन मिळते. औषधे आणि सुगंधी द्रव्ये बनवताना या पदार्थांची पदोपदी गरज पडते. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे काम पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून करतात. नारिंगी द्राव हिरवा होतो, मुले खूश होतात. पण जरा हिशेब मांडून पाहा. १८० ग्रॅम आयसोप्रोपिल मद्यार्कापासून १७४ ग्रॅम अ‍ॅसिटोन मिळते. त्यासाठी २९४ ग्रॅम डायक्रोमेट आणि ३९२ ग्रॅम गंधकाम्ल खर्ची पडते. म्हणजे मालापेक्षा गाळच जास्त! शिवाय नारिंगी रूपातले क्रोमियम विषारी असते, त्याने कर्करोग होऊ शकतो. ते विहिरीच्या पाण्यात उतरले, तर गावाने काय प्यावे?

हेच काम प्राणवायूने केले तर? तेवढ्याच मद्यार्काला फक्त ४८ ग्रॅम प्राणवायू पुरतो आणि अ‍ॅसिटोनखेरीज मागे उरते ५४ ग्रॅम पाणी. बस्स!

मग पॅलेडियम यात करते काय? विहिरीवरचे रहाटगाडगे डोळ्यांपुढे आणा. रिकामे गाडगे खाली जाते, भरून वर येते, पन्हळीत रिते होते आणि पुन्हा खाली जाते. मद्यार्काचा रेणू पॅलेडियमला चिकटतो. पॅलेडियम त्याच्यातला हायड्रोजन काढून घेते आणि कीटोन सुटे होते. हे झाले भरलेले गाडगे. मग प्राणवायू येतो, तो हायड्रोजन स्वीकारतो, त्याचे आधी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे पाणी होते. पॅलेडियम पूर्वीसारखे होऊन पुढच्या रेणूकडे वळते. स्वतः खर्ची न पडता काम करून घेणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

तुम्ही म्हणाल, इतके सोपे असेल तर अडले कुठे? अडचण अशी, की हायड्रोजन घेतल्यानंतर पॅलेडियमचे अणू काही काळ उघडे पडतात. प्राणवायू वेळेवर आला नाही, तर ते एकमेकांना चिकटतात आणि काळी भुकटी होऊन तळाशी बसतात. गाडगी माळेतून निसटून विहिरीत पडावीत, तसेच हे. रहाट थांबला!

श्वार्ट्झ आणि ब्लॅकबर्न यांनी १९७७ साली पॅलेडियम आणि प्राणवायू यांच्या साह्याने ही क्रिया करून दाखवली, पण ती सावकाश चाले. १९९८ साली जपानमध्ये उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलेडियमला पिरिडीनची जोड दिली. असा जोडीदार अणूंना धरून ठेवतो आणि रहाट फिरता राहतो. पुढे २००० साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे शेल्डन यांच्या गटाने पाण्यात विरघळणारा पॅलेडियमचा उत्प्रेरक बनवला आणि दाबाखालची साधी हवा वापरली. पाण्याचे महत्त्व मोठे आहे. कारण ज्वालाग्राही द्रव आणि प्राणवायू एकत्र तापवणे म्हणजे आगीशी खेळ.

पॅलेडियम महाग आहे, आणि औषधात त्याचा अंश राहू नये म्हणून ते काळजीपूर्वक काढून घ्यावे लागते. म्हणून क्रोमियमची गरज एका दिवसात संपणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात नारिंगी द्राव हिरवा झाला, की मुलांना एवढेच विचारा : "आता हे ओतायचे कुठे?" आणि तो मोरीत न ओतता वेगळ्या बरणीत साठवा. हा प्रश्न ज्याला पडला, त्याला पॅलेडियमचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.